आधी आफ्रिका, मग स्त्री?

१८ मार्च २०२४ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या संसदेत एका विधेयकावर मतदान झाले. मुलींच्या खतन्यावर, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेवर, २०१५ साली घातलेली बंदी उठवावी, अशी त्यात मागणी होती. विधेयक पुढे समितीकडे पाठवावे या बाजूने ४२ मते पडली, विरोधात फक्त चार. जुलैमध्ये तेच विधेयक फेटाळले गेले आणि बंदी टिकली. पण मधल्या चार महिन्यांत वाद ज्या रीतीने लढवला गेला, ती रीत मला त्या विधेयकाइतकीच घातक वाटते. एक बाजू म्हणत होती की स्त्री-हक्कांची भाषा ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे आणि आमच्या संस्कृतीत बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. दुसऱ्या बाजूचे काही लोक, विशेषतः आफ्रिकेबाहेर बसून लिहिणारे, म्हणत होते की आफ्रिकी अस्मितेचे राजकारण हे मुळातच पुरुषांचे राजकारण आहे, तेव्हा स्त्रियांनी त्याचा नाद सोडावा. ही दोन मते एकमेकांच्या विरोधात आहेत असे दिसते, परंतु दोन्ही एकाच गृहीतावर उभी आहेत: आफ्रिकी ऐक्याचा विचार एकीकडे जन्मला, स्त्रीमुक्तीचा विचार दुसरीकडे, आणि आता दोहोंतून एकाची निवड करणे भाग आहे.

हे गृहीतच खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे. आफ्रिका खंडातील आणि गुलामगिरीने जगभर विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे भवितव्य एक आहे, या विचाराला पॅन-आफ्रिकनिझम म्हणतात. कृष्णवर्णीय स्त्रीवाद या विचाराच्या दारावर उशिरा आलेला पाहुणा नव्हे. घर बांधले गेले तेव्हा वीट वाहणाऱ्यांत तो होता. आणि जिथे जिथे त्याला घराबाहेर काढले गेले, तिथे तिथे ते ऐक्य राज्यप्रमुखांच्या मंडळापुरते आकसले.

लंडनमध्ये १९०० च्या जुलैमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. विसाव्या शतकाचा प्रश्न हा वर्णरेषेचा, म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसांत आखलेल्या रेषेचा प्रश्न आहे, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांचे विधान तिथूनच जगभर गेले आणि आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. त्याच परिषदेत ॲना ज्युलिया कूपर बोलल्या. उत्तर कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई तोवर शिक्षिका आणि लेखिका म्हणून नावाजलेली होती. पुढे साठी उलटल्यावर, १९२५ मध्ये, तिने पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवली आणि प्रबंधाचा विषय निवडला फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील फ्रान्सची गुलामगिरीविषयक भूमिका. कृष्णवर्णीय स्त्री जिथे आणि जेव्हा सन्मानाने प्रवेश करते, तिथे तिच्याबरोबर तिचा सारा वंश प्रवेश करतो, असा तिचा मुद्दा होता. हे वाक्य ड्यु बॉइस यांनी १९२० मध्ये स्त्रियांवरच्याच एका निबंधात उद्धृत केले, पण ‘आमच्या एका स्त्रीने लिहिले आहे’ एवढेच म्हणून. नाव दिले नाही. ड्यु बॉइस स्त्रियांच्या मताधिकाराचे खंदे समर्थक होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट अधिकच बोचते. शत्रूने नाव पुसले तर निदान ते ध्यानात येते. मित्राने गाळले तर पुढच्या पिढीला तिथे कोणी होते याचा पत्ताही लागत नाही.

पॅरिसमध्येही हेच घडले. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरून आलेल्या पॉलेट नार्दाल आणि त्यांच्या बहिणी क्लामार या उपनगरातील आपल्या घरी बैठकी भरवत. आफ्रिका, कॅरिबियन आणि अमेरिका इथले कृष्णवर्णीय लेखक एकमेकांना तिथे भेटले. १९३१-३२ मध्ये पॉलेट यांच्या पुढाकाराने फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मासिक निघाले आणि त्यात त्यांनी वंशजाणिवेच्या उदयावर लेख लिहिला. ‘नेग्रित्यूद’ या कृष्णवर्णीय अस्मितेच्या साहित्यिक चळवळीचे श्रेय मात्र सेंघोर, सेझेर आणि दामास या कवित्रयीला गेले. खूप वर्षांनी नार्दाल यांनी पत्रात लिहिले की आम्ही केवळ बायका होतो, वाट मात्र आम्हीच पाडली होती.

मग येते मँचेस्टर. ऑक्टोबर १९४५, चॉर्ल्टन टाउन हॉल, पाचवी पॅन-आफ्रिकन काँग्रेस. युद्ध संपून काही आठवडेच झालेले. सत्त्याहत्तर वर्षांचे ड्यु बॉइस, घानाचे तरुण एन्क्रुमा, केनियाचे केन्याटा, त्रिनिदादचे पॅडमोर अशी मंडळी जमलेली. पुढच्या वीस वर्षांत ज्यांच्या हाती देशच्या देश येणार होते, त्यांच्यातले कित्येक या एका सभागृहात होते. आणि पहिल्या सत्राच्या अध्यक्षस्थानी होत्या एमी ॲशवुड गार्वी. १९१४ मध्ये जमैकात मार्कस गार्वींबरोबर त्यांनी कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी संघटनेची स्थापना केली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. तिसाच्या दशकात लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर त्यांनी चालवलेल्या उपाहारगृहात केन्याटा, पॅडमोर, सी. एल. आर. जेम्स यांच्यासारख्यांचा राबता असे. चळवळींच्या इतिहासात भाषणे नोंदली जातात. ताटे कोणी वाढली आणि भाडे कोणी भरले, हे क्वचितच. त्या दिवसांत मँचेस्टरच्या व्यासपीठावरून बोललेल्या स्त्रिया दोनच, एमी ॲशवुड आणि जमैकाच्या अल्मा ला बादी. ॲशवुड यांनी सभागृहाला सुनावले की निग्रो माणसाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले गेले, परंतु कृष्णवर्णीय स्त्रीबद्दल का कोण जाणे फारच थोडे. तिला मुले जन्माला घालण्यासाठी म्हणून मागच्या बाजूला सारले गेले आहे. वेस्ट इंडीजविषयीच्या ठरावांत समान कामाला समान वेतन आणि ‘अनौरस’ हा शब्द कायद्यातून काढून टाकण्याची मागणी आली, ती या दोघींमुळे. या मागण्यांना ‘बायकांचे प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करावा. मळ्यांवरच्या गुलामगिरीत मूल आईच्या दर्जाने गुलाम ठरत असे आणि बापाचे नाव कायद्याला ठाऊकच नसे. मग बापाच्या नावाची आणि आईच्या मजुरीची गोष्ट ही गुलामगिरीच्या अवशेषांची गोष्ट नव्हती, तर दुसरी कशाची होती?

आता समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. ‘स्त्रियांचा उद्धार’ हे साम्राज्याचे आवडते निमित्त होते, हे शंभर टक्के खरे आहे. ब्रिटनतर्फे इजिप्तचा कारभार चालवताना तिथल्या बुरख्यावर टीका करणारे लॉर्ड क्रोमर इंग्लंडला परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. केनियात १९२९ मध्ये मिशनऱ्यांनी किकुयू जमातीच्या अनुयायांकडून खतन्याविरुद्ध शपथा मागितल्या, तेव्हा हजारो लोकांनी चर्च सोडले आणि स्वतःच्या शाळा काढल्या. जमिनी बळकावणारे गोरे आता आमच्या मुलींच्या शरीरावरही हुकूम चालवणार, अशी ती भावना होती. केन्याटांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात या प्रथेचे समर्थन केले. १९५६ मध्ये मेरू भागात बंदी आली, तेव्हा तर अनेक मुलींनी एकमेकींचा खतना स्वतःच केला. ‘न्गाइताना’, म्हणजे ‘मी माझा मी करीन’, हे नावच त्यांना पडले. वरून, परक्या सत्तेने लादलेली सुधारणा प्रथेला ध्वजाची प्रतिष्ठा देते, हा धडा त्यातून घ्यावाच लागतो. परंतु त्यातून आणखी काय सिद्ध होते? १९२९ मध्ये मिशनने मुलींना विचारले नाही, आणि संस्कृतिरक्षकांनीही नाही. दोघांनी त्यांच्या शरीरावर आपापली लढाई लढली. म्हणजे प्रश्न पूर्व-पश्चिमेचा नसून ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांना बोलू दिले जाते की नाही, हा होता. तो प्रश्न आफ्रिकी स्त्रियांनी स्वतःच विचारला. १९७७ मध्ये डाकारमध्ये आफ्रिकी संशोधक स्त्रियांची संघटना उभी राहिली. खतन्याचे सनसनाटी वर्णन करणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांचा अहंकार तिने उघडा पाडला आणि त्याच दमात या प्रथेलाही विरोध केला. एका तोंडाने दोन्ही गोष्टी बोलता येतात. ज्यांना त्या परस्परविरोधी वाटतात, त्यांची अडचण तर्काची नसून सोयीची आहे.

याच मुद्द्याचे अधिक सखोल रूप नायजेरियाच्या समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवूमी यांनी १९९७ मध्ये मांडले. वसाहतपूर्व योरुबा समाजात माणसाचे स्थान लिंगावरून नव्हे तर वयाच्या ज्येष्ठतेवरून ठरत असे, ‘स्त्री’ ही दुय्यम कोटी वसाहतवादाने घडवली, असे त्या म्हणतात. या मांडणीवर आफ्रिकी अभ्यासकांनीच आक्षेप घेतले आहेत आणि ते मला वजनदार वाटतात. तरी वादापुरते ओयेवूमी यांचे सगळे मान्य करू. मग निष्कर्ष काय निघतो? ही विषमता जहाजातून आली असेल, तर ती उतरवून परत धाडण्याची जबाबदारी सर्वांत आधी वसाहतवादाच्या विरोधकांवरच येत नाही काय? न्यायालय, पोलीस, सरहद्दी, शाळा, भाषा या साऱ्यांची वसाहतमुक्ती करायची आणि त्याच साहेबाने पुरुषाच्या हाती दिलेली घरातली सत्ता तेवढी ‘आमची परंपरा’ म्हणून जपायची, हे कसले वसाहतविरोधी राजकारण?

नायजेरियातील अबेओकुटा शहराच्या बायकांना हे फार पूर्वी समजले होते. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी सुरुवात केली ती शिकल्यासवरलेल्या, पाश्चात्त्य पोशाख घालणाऱ्या बायकांच्या क्लबपासून. मग बाजारात तांदूळ विकणाऱ्या बायकांनी येऊन सांगितले की अधिकारी आमचे तांदूळ जप्त करतात. त्या तक्रारीमागून कराचे प्रकरण निघाले. इंग्रजांनी स्थानिक राजाच्या, म्हणजे अलाकेच्या हातून बायकांवर वेगळा कर बसवला होता, आणि मुलगी कर देण्याच्या वयाची झाली का हे पाहण्यासाठी वसुली करणारे मुलींचे कपडे उतरवत. क्लबची युनियन झाली. रॅन्सम-कुटी यांनी गाऊन सोडून योरुबा वस्त्रे नेसायला सुरुवात केली आणि इंग्रज अधिकाऱ्यांशीही त्या योरुबातच बोलू लागल्या. मोर्च्याला परवानगी नाकारली, की बायका म्हणत की आम्ही सहलीला निघालो आहोत. अश्रुधुराचे नळकांडे पडले तर ते उचलून परत कसे फेकायचे, याचा सराव घेतला जाई. नोव्हेंबर १९४७ मध्ये हजारोंच्या जमावाने राजवाड्यासमोर ठाण मांडले. जानेवारी १९४९ मध्ये अलाकेने गादी सोडली. १९४७ मध्येच रॅन्सम-कुटी राष्ट्रीय चळवळीच्या शिष्टमंडळातील एकमेव स्त्री म्हणून लंडनला गेल्या आणि तिथल्या ‘डेली वर्कर’ या साम्यवादी दैनिकात त्यांनी लेख लिहिला, ‘ब्रिटन येईपर्यंत आम्हाला समानता होती’. ओयेवूमी यांच्या पन्नास वर्षे आधीचे हे विधान. पण रॅन्सम-कुटी यांनी त्यातून गप्प बसण्याचा धडा घेतला नाही. करवसुलीवाला, राजा आणि साहेब हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हे ओळखून तिन्ही दुव्यांवर घाव घातला.

दुसरा आक्षेप ऐक्याचा आहे आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. घर पेटले असताना भांडणे उकरून काढू नयेत, आधी स्वातंत्र्य, मग बाकीचे, असे ते म्हणतात. मराठी वाचकाला या युक्तिवादाची ओळख करून देण्याची गरज नाही. १८९१ मध्ये मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेताना ‘परक्या सरकारला आमच्या घरात शिरण्याचा काय अधिकार’ असे पुण्यात विचारले गेले. १८९५ मध्ये पुण्यातच काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देण्यास विरोध झाला, आणि ती दुसरीकडे न्यावी लागली. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादात दोन्हीकडे थोर माणसे होती. पण ‘मग’ची तारीख कधी उगवते, हे नायजेरियाकडे पाहून सांगता येते. देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला. उत्तर नायजेरियातील स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला १९७६ मध्ये. स्वातंत्र्यानंतरची सोळा वर्षे उत्तरेच्या निम्म्या प्रजेसाठी ‘आधी’तच गेली. रॅन्सम-कुटी यांना तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच त्यांच्या पक्षाने उमेदवारी नाकारली होती.

शिवाय ऐक्य आधी आणि स्त्रिया नंतर, हा क्रम इतिहासातच उलटा आहे. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीत, १९५५ मध्ये बीबी तिती मोहम्मद राष्ट्रीय पक्षासाठी बायका गोळा करू लागल्या, तेव्हा त्या दार-एस-सलामच्या ‘न्गोमा’ मंडळांत गेल्या. बीबी तिती स्वतः अशा मंडळात गाणाऱ्या. या गाण्या-नाचण्याच्या मंडळांत वेगवेगळ्या जमातींच्या बायका आधीपासून स्वाहिलीत एकत्र गात होत्या. काही महिन्यांतच हजारो बायका सभासद झाल्या. जमातींपलीकडचे राष्ट्र पक्षाच्या घटनेत लिहिले जाण्याआधी या अंगणांत वावरत होते. खंडाच्या पातळीवरही हेच दिसते. आफ्रिकी देशांतील स्त्रियांनी ३१ जुलै १९६२ रोजी दार-एस-सलाममध्ये आपली अखिल आफ्रिकी संघटना स्थापन केली. राज्यप्रमुख अदिस अबाबात जमून आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन करते झाले ते २५ मे १९६३ रोजी, दहा महिन्यांनी. मग कोणामुळे कोणाचे ऐक्य फुटले?

तिसरा आक्षेप असा की कृष्णवर्णीय स्त्रीवाद हा अमेरिकेतला माल आहे. तिथल्या न्यायालयांतून आणि विद्यापीठांतून आलेल्या संज्ञा लागोस किंवा बामाकोला लागू पडत नाहीत. यात तथ्य आहे. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली (वंश आणि लिंग अशा भेदांचा मार एकाच व्यक्तीवर एकत्र पडतो, हा विचार), ती मोटार कारखान्यातील कृष्णवर्णीय स्त्री-कामगारांच्या दाव्यावरून, आणि अमेरिकी कायद्याची चौकट तिला चिकटलेली आहे. ती संज्ञा मंत्रासारखी सर्वत्र म्हणणे मलाही पटत नाही. पण ‘जागतिक’ म्हणजे ‘अमेरिकी’ हे समीकरण कोणी घातले? क्लॉडिया जोन्स त्रिनिदादमध्ये जन्मल्या. १९४९ मध्ये त्यांनी लिहिले की कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्री वंश, वर्ग आणि लिंग अशा तिन्ही बाजूंनी पिळली जाते. अमेरिकेने त्यांना १९५५ मध्ये हद्दपार केले, तेव्हा लंडनमध्ये त्यांनी वृत्तपत्र काढले आणि त्याच्या नावात वेस्ट इंडियन, आफ्रो-आशियाई आणि कॅरिबियन अशा सर्वांना जागा दिली. ब्राझीलच्या लेलिया गोन्सालेस यांनी तर ‘आमेफ्रिकानिदादे’ हा शब्दच घडवला: अमेरिका खंडांत आफ्रिकी आणि मूळनिवासी स्त्रियांच्या बोलण्यातून, अंगाईतून, स्वयंपाकघरातून जी आफ्रिका जिवंत राहिली, तिचे नाव. आणि बॉस्टनच्या ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाचे १९७७ चे निवेदन अमेरिकी कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा मूलग्रंथ मानले जाते, त्याने नाव घेतले ते कंबाही नदीचे, जिथे १८६३ मध्ये स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांच्या मार्गदर्शनाखाली सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. हा विचार एका केंद्रातून पसरला नाही. पॅन-आफ्रिकनिझमप्रमाणेच तो समुद्र ओलांडत, बंदरागणिक शब्द बदलत वाढला.

आता मूळ मुद्दा, ज्याची चर्चा मला फारशी कुठे दिसत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या १९६३ च्या सनदेत एक तत्त्व होते: कोणत्याही राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात इतरांनी हस्तक्षेप करू नये. वसाहतवादातून नुकत्याच सुटलेल्या देशांना ते कवच हवेच होते. पण हेच कवच पुढे हुकूमशहांच्या अंगावर चढले. १९७५ मध्ये संघटनेची शिखर परिषद युगांडाच्या राजधानीत, कंपालात भरली आणि अध्यक्षपद गेले तिथला हुकूमशहा इदी अमीनकडे. टांझानियासारखे मोजके देश दूर राहिले. युगांडात काय चालले होते हे ठाऊक असूनही बाकीचे गप्प बसले, कारण तो त्यांचा ‘घरातला मामला’ होता. हा शब्दप्रयोग कुठे ऐकला आहे? नवऱ्याने बायकोला मारले, शेजारी जमले, आणि दाराआडून आवाज आला, ‘हा आमच्या घरातला मामला आहे.’ बंद दाराआड घडते म्हणून हिंसा खासगी ठरत नाही, हे सांगणारा विचार स्त्रीवादाने घडवला होता. तो ऐक्याच्या चौकटीत घेतला असता, तर राष्ट्राच्या बंद दाराविषयी बोलण्याची भाषा आफ्रिकेकडे तयारच होती. त्या संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाचा संस्थापक करार २००० मध्ये लोमे इथे संमत झाला, तेव्हा त्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी एकत्र आल्या: युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्यास सदस्य-देशात हस्तक्षेप करण्याचा संघाचा अधिकार, आणि स्त्री-पुरुष समानतेचा पुरस्कार. ही दोन उपकलमे एकाच कलमात असणे मला योगायोग वाटत नाही.

बरोबर तीन वर्षांनी, ११ जुलै २००३ रोजी, मापुतोमध्ये आफ्रिकी स्त्रियांच्या हक्कांचा करार संमत झाला. पंधरा देशांच्या मान्यतेनंतर २००५ मध्ये तो लागू झाला. खतन्यावर कायद्याने बंदी घालण्याचे बंधन त्याच्या पाचव्या कलमात आहे. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत गर्भपाताचा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत देणारा तोवरचा एकही आंतरराष्ट्रीय करार नव्हता, युरोपातही नाही. तो लंडनमध्ये वा न्यूयॉर्कमध्ये नव्हे, मोझांबिकच्या राजधानीत, आफ्रिकी सरकारांनी, आफ्रिकी स्त्री-संघटनांच्या रेट्याखाली केला. गांबियाने तो मान्य केलेला आहे. तेव्हा २०२४ मध्ये गांबियाची राजधानी बांजुलच्या सभागृहात ज्यांनी बंदीला परदेशी म्हटले, त्यांनी मापुतो नेमके कुठे आहे हे सांगायला हवे होते. आणि बंदीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या परदेशी हितचिंतकांनीही पाश्चात्त्य अहवालांऐवजी मापुतोचा दाखला आधी द्यायला हवा होता. तसे झाले असते तर वाद गोऱ्यांचा आणि आफ्रिकेचा राहिला नसता, आफ्रिकेचा आफ्रिकेशी झाला असता.

गांबियात खतन्याविरुद्ध स्त्रियांची संघटना १९८४ पासून काम करते आहे. तिच्या कार्यक्रमांत पिढ्यान्‌पिढ्या मुलींचा खतना करत आलेल्या म्हाताऱ्या बाया गावकऱ्यांसमोर येतात, आपण हे यापुढे करणार नाही असे सर्वांदेखत सांगतात आणि हातातली सुरी खाली ठेवतात. पहिल्यांदा २००७ मध्ये असे झाले, तेव्हा गांबियात बंदीचा कायदा यायला अजून आठ वर्षे होती.